मावशी म्हणायचं नाही

पिंपळगाव राजा
१८ एप्रिल २०२५

चि. मंजुश्री हिस,
जय भीम.

रविवारी तू लेकीला माझ्या ओसरीवर सोडून पुण्याच्या गाडीत बसलीस, त्याला आज पाच दिवस झाले. पाच दिवसांत तुझे एकवीस फोन. त्यातले तीन मी तिच्या कानाला लावले आणि तिन्ही वेळा तुझा आवाज ऐकताच ती उभ्या उभ्या ओली झाली. तेव्हा आजपासून फोन बंद. काय विचारायचं ते पत्राने विचार. फोनवर तू नुसती मुसमुसतेस, पत्रात निदान वाक्य तरी पूर्ण करशील.

तुमच्या शाळेची अट माझ्या लक्षात आहे. सोळा जूनला मूल आपणहून सांगून संडासला जात नसेल, तर ज्युनिअर केजीतली जागा दुसऱ्याला. येत्या ऑगस्टात पोरीला चार पुरी होतील आणि तू तिला अजून डायपरात गुंडाळून ठेवतेस! आमची आई गेली तेव्हा प्रसेनजित दोन वर्षांचा होता. त्याला मीच वाढवलं, आणि तो पंधरा दिवसांत सांगायला लागला. आज सरहद्दीवर बारा-बारा तास जागचा हलत नाही तुझा नवरा, ती सवय कुणी लावली ते त्यालाच विचार.

तुम्ही तिला छकुली म्हणता. हजेरीपटावर सुचिता आहे, तर माझ्या घरातही सुचिताच.

आता मुद्द्याचं. ही पोर दिवसातून दहादा "मावशी, मावशी" म्हणून गळा काढते. मी जवळ गेले तर माझा पदर ओढते आणि पुन्हा "मावशी". मी म्हटलं, "मावशी कुठंय इथं? आत्या म्हन मले." तर आणखी मोठ्यानं. तिला मावशी एकच, तुझी बहीण मयुरी. माझ्या देवानंदच्या पत्रिका गावभर वाटून झाल्यावर, हळदीच्या आदल्या दिवशी जिने फोनवरून लग्न मोडलं. चार वर्षं झाली. लेक नागपूरला जाऊन बसलाय, गावात तोंड दाखवत नाही. त्या बाईचं नातं माझ्या घरात दहादा पुकारलं जावं?

सरळ उत्तर दे. मयुरी तुझ्या घरी येते का?

तुझी ताई,
धम्मशीला


पुणे
२३ एप्रिल २०२५

ती. ताईंना,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. दवाखान्यातून आल्यावर दारातच उभं राहून वाचलं.

तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर तिला तुमच्या हवाली केलं. माझ्या ड्युट्या अशा की सकाळी पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी उचलायचं. पाळणाघरात ती कोरडी असायची आणि घरी आली की सगळं विसरायची. मला वाटायचं, माझ्यावरच राग काढते. म्हणून तुमचं ऐकलं.

ताई, तिला तुमच्याकडच्या भांड्यावर बसायची भीती वाटत असेल. इथे कमोड आहे. पाय घसरून आत पडेन असं तिला वाटतं, ती सांगणार नाही. मी तिची पॉटी सीट कुरिअरने पाठवली आहे, पिवळी आहे, बदकाच्या तोंडाची. ती दिसली की ती खुशाल बसते.

मयुरीबद्दल विचारलंत. ती आमच्याकडे येत नाही. दोन वर्षांत मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. छकुली कुठून शिकली असेल तो शब्द, कुणास ठाऊक. लहान आहे, मनावर घेऊ नका.

ती झोपताना काय म्हणते ते एकदा लिहाल का?

तुमची,
मंजुश्री


पिंपळगाव राजा
२९ एप्रिल २०२५

चि. मंजुश्री हिस,
जय भीम.

बदक पोचलं. शेजारच्या बेबीताईच्या कोंबडीला अंड्यावर बसायला दिलं, ती खुशाल बसते. तुझ्या लेकीच्या शाळेत काय बदकं मांडून ठेवली आहेत?

माझी पद्धत ऐक. दर दोन तासांनी घड्याळ बघून नेते आणि भांड्यावर बसवते, काम झाल्याशिवाय उठवत नाही. मध्येच ओली झाली तर ती चड्डी तिनेच धुवायची आणि तिनेच रस्त्याकडच्या दोरीवर टाकायची. गल्लीतल्या पोरी शाळेतून येताना विचारतात, "आत्याबाई, आज किती वो?" सुचिताने बोटं दाखवून सांगायचं. पहिल्या दिवशी सहा बोटं होती, काल तीन. लाज ही फार कामाची वस्तू आहे, तुम्ही पुण्याला गेलात की ती आधी विसरता. दुपारी चार वाजल्यापासून पाणी बंद. रात्रीचं अंथरूण त्यामुळेच कोरडं राहायला लागलं आहे.

राहिला तो शब्द. मावशी म्हटलं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम केला. परवा सतरा वेळा उभी राहिली. आणि गंमत बघ, उभी केली की तिथेच ओली होते. मुद्दाम करते. चार वर्षांच्या पोरीत एवढा हट्ट तुझ्याच माहेरचा.

तू लिहितेस, मयुरी येत नाही. न भेटणाऱ्या माणसाचं नाव कुणी दिवसातून सतरा वेळा घेतं का? मी चौतीस वर्षं पोरं शिकवली, मंजुश्री. खोटं बोलणारं पोर उत्तर द्यायच्या आधी विषय बदलतं. तू आधी बदक पाठवलंस आणि मग उत्तर दिलंस.

झोपताना ती काहीच म्हणत नाही.

धम्मशीला


पुणे
४ मे २०२५

ती. ताईंना,
सप्रेम जय भीम.

पाया पडते, पाणी बंद करू नका. मी नर्स आहे, मला कळतं म्हणून सांगते. मे महिना आहे, खामगावकडे पारा चव्वेचाळीसवर गेल्याचं मोबाइलवर रोज बघते. एवढ्या जिवाला चारनंतर पाणी नाही म्हणजे काय? हवं तर अंथरूण ओलं होऊ द्या, चादरी मी पाठवते. त्या दोरीचंही बघा. तिला बोटं दाखवायला लावू नका.

मी येऊन घेऊन गेले असते. पण आमच्याकडच्या दोन सिस्टर एकदम सोडून गेल्या, पंचवीस तारखेपर्यंत कुणालाच रजा नाही. यांना काल फोन लागला. मी सगळं सांगितलं. म्हणाले, ताईनं मला वाढवलंय, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, मध्ये पडू नको.

आणि ताई, मयुरीचं मी खोटं सांगितलेलं नाही. छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, ती आमच्याकडे येत नाही. आता तरी त्या शब्दासाठी तिला उभं करू नका.

तुमची,
मंजुश्री


पिंपळगाव राजा
१३ मे २०२५

चि. मंजुश्री हिस,
जय भीम.

पेढे वाट. आज आठवा दिवस, दोरीवर एकही चड्डी नाही.

काल बुद्धपौर्णिमेला पांढरा फ्रॉक घालून विहारात नेली. वंदना, भाषणं, खीर, सगळं धरून तीन तास. मांडी घालून एका जागी बसली, एक थेंब नाही. बायका म्हणाल्या, "पोरगी लय गुणाची वो, कोनाची हाय?" माझी मान किती ताठ झाली ते तुला पत्रात काय सांगू. हीच पोर एप्रिलमध्ये आली तेव्हा गळका माठ होती.

मावशी हा शब्दही संपला. आता ती काहीच मागत नाही, काहीच म्हणत नाही. मी घड्याळ बघून नेते तेवढंच. कधी कधी दिवसभरात एकदाच होते. पाणी समोर ठेवलं तरी पीत नाही, त्यामुळे चारनंतरचा प्रश्नच उरला नाही. संडासलाही चार दिवसांत गेलेली नाही. मनावर ताबा आला की शरीर आपोआप ऐकतं.

पंचवीसला येऊ नको. जूनच्या दहा तारखेला ये आणि तयार पोर घेऊन जा. लावलेली सवय मोडू नको म्हणजे झालं.

धम्मशीला


पिंपळगाव राजा
१७ मे

मंजुश्री बाईले बेबीताईचा जय भीम.

मी ताईच्या शेजारची बेबीताई. तुमचा नंबर माह्यापाशी नाही अन् ताईले मागाची सोय नाही. तुमच्या लिफाफ्यावरचा पत्ता पाहून लिहून राह्यली. चुकलं तर माफ करजा.

मी अंगणवाडीत मदतनीस हाय. तिथं लेकरं मले मावशी म्हणतात. लेकराले लागली का थे मावशी म्हणते, मंग त्याले न्या लागते. तुमची पोरगी चार तारखीले आंगनात माह्याकडं पाहून मावशी म्हणे अन् पाय आवळून उभी. मी तिले माह्या घरी नेलं. तिनं बराबर केली. हात धुतले अन् हासली. मले म्हणे, माझं नाव छकुली. मंग मी ताईले जाऊन सांगतलं का ताई, थे कोन्या मावशीले नाही बलावत, तिले लागली का थे असं म्हणते. ताई म्हणे, मले शिकवू नको, आपलं काम पाय. दुसऱ्या दिवशीपासून पोरीले आंगनात येऊ देत नाही.

आता पोरगी बोलतच नाही. पानी देलं तं तोंड फिरवते. कालपासून आंग तापलं हाय अन् लघवी लाल होऊन राह्यली. ताई म्हणे उन्हाचं हाय, कांद्याचा रस लावून राह्यली. तुम्ही नर्स हा, तुम्हाले समजते.

तुम्ही या.

बेबीताई


खामगाव, दवाखाना
२४ मे २०२५

ताई,

हे पत्र बेबीताईंच्या हाती देते आहे. तुम्ही काल वॉर्डाच्या दारापर्यंत आलात आणि परत फिरलात, ते मी पाहिलं.

लघवीतलं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं आहे. आतड्यात मळ कडक होऊन साचला होता, एनिमा द्यावा लागला. डॉक्टर विचारत होते, एवढं लहान मूल इतकं धरून कसं ठेवू शकतं. मी म्हटलं, तिला शिकवलं होतं.

बुधवारी मी नोकरीची पर्वा न करता तुमच्या दारात येऊन उभी राहिले, तेव्हा तुम्ही मागे कांदा ठेचत होतात. तुम्हाला ठाऊक नाही काय झालं. छकुलीने मला पाहिलं. तोंड उघडलं. आणि आवाज न काढता उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अंगात एकशे तीन ताप होता. मी तिला उचलली तर पाय घट्ट आवळलेले, सुटेनात.

तो शब्द कसला आहे ते आता ऐका. आमच्या पाळणाघरात एक बाई आहेत, सगळ्या पोरांना बाथरूमला नेतात. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मुलांना तिथे एवढंच शिकवलंय, लागली की मावशींना हाक मारायची. माझी लेक सांगत होती, ताई. पहिल्या दिवसापासून सांगत होती. शाळेची अट तिने पुण्यातच पुरी केली होती. घरी मला ती "मावशी" म्हणायची तेव्हाही मला कळलं नाही.

मला का कळलं नाही, तेही सांगते. मयुरी येते. दर रविवारी येते, छकुलीला केक आणते, तिच्याशी खेळते. मी तुम्हाला खोटं लिहिलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं लिहिलं. त्यामुळे तुमचं पत्र वाचलं की मलाही वाटायचं ती मयुरीलाच बोलावते, आणि मी घाबरून गप्प बसायचे. खरं बोलले असते तर नीट विचार तरी केला असता.

माझा गुन्हा मी लिहिला. आता तुम्ही एकच सांगा. बेबीताईंनी चार तारखेला तुम्हाला सांगितलं होतं का?

मंजुश्री


पिंपळगाव राजा
२६ मे २०२५

मंजुश्री,

हो. सांगितलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः करून पाहिलं. सुचिता पाय आवळून उभी होती. मी विचारलं, "मावशीकडे जायचं?" तिने मान हलवली आणि सरळ संडासाचं दार धरलं. मग मी विचारलं, "अन् मयुरी मावशी?" ती म्हणाली, "ती रविवारी येते, केक आणते." दोन्ही गोष्टी मला एकाच दिवशी कळल्या. तुझं शपथेचं पत्र तीन दिवसांनी आलं.

तुला वाटत असेल मी तेव्हाच का थांबले नाही. तू लेकीच्या डोक्यावर हात ठेवून मला खोटं लिहिलंस, म्हणून थांबले नाही. माझ्या पोराचं तोंड काळं करणारी बाई दर रविवारी तुझ्या घरी केक खाते आणि तुम्ही दोघी माझ्यावर हसत असाल, म्हणून थांबले नाही. माझ्या घरात तो शब्द चालणार नव्हता, मग त्याचा अर्थ काहीही असो. सरळ विचारलंस, सरळ सांगितलं.

आणखी एक सांगते, ते मी प्रसेनजितलाही सांगितलेलं नाही. मी दुसरीत होते. मी हात वर केला, मास्तरांनी जाऊ दिलं नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मग व्हायचं ते झालं. त्यांनी शेतातून माझ्या आईला बोलावून घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर ती जागा तिच्याकडून पुसून घेतली. वर म्हणाले, यांची जातच अशी. आई लुगड्याच्या पदराने पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या पोरीने वर्गात चड्डी ओली केली तर ती नुसती एक पोर नसते, मंजुश्री. तुझ्या पुण्याच्या शाळेत तोंडावर कुणी म्हणणार नाही. मनात म्हणतील.

ताप आला त्याचं मला वाईट वाटतं. ती जिवाला मुकली असती तर मी राहिले नसते, हेही खरं आहे. पण ती आता कुठेही ओली होणार नाही. सोळा जूनला बघ.

धम्मशीला


पिंपळगाव राजा
५ ऑक्टोबर २०२५

चि. मंजुश्री हिस,
जय भीम.

चार महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन तू उचलत नाहीस. पूर्वी तू लावायचीस आणि मी उचलत नव्हते, आता माझी पाळी.

प्रसेनजितचा फोन आला होता. त्याला दिवाळीच्या सुट्टीत रजा मिळते आहे, तो तिला आठ दिवस इथे आणतो म्हणाला. मी निळ्या कापडाचा फ्रॉक शिवून ठेवला आहे. माप अंदाजाने घेतलं, वाढली असेल. संडासात नवा कमोड बसवून घेतला आहे. बेबीताई माझ्याशी बोलत नाही. घर खायला उठतं गं.

शाळेत कशी आहे ती? ओली होत नाही ना?

तुझी ताई,
धम्मशीला


पुणे
११ ऑक्टोबर २०२५

ताई,

नाही. ओली होत नाही. तुमचं म्हणणं खरं झालं.

सोळा जूनला वर्गातली निम्मी मुलं रडली आणि चौघांचे कपडे बदलावे लागले. आपली एका जागी बसून होती. सप्टेंबरमध्ये पालकसभेत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुचितासारखं शहाणं मूल नाही, दिवसभरात एकदाही बाथरूमला जायला मागत नाही. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार. तिची पाण्याची बाटली भरलेली जाते आणि भरलेली परत येते. ऑगस्टमध्ये पुन्हा इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणतात, तिला आता लागल्याचं कळेनासं होतंय. आता मी घड्याळ लावून तिला नेते, तुमच्यासारखीच. नळ सोडते, गोष्ट सांगते, वीस-वीस मिनिटं बसते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी रागावले आहे का ते ओळखायला.

तुमच्या आईचं वाचून मला रडू आलं होतं. त्या मास्तरला मी मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या. पण ताई, त्याने तुम्हाला एक दिवस जाऊ दिलं नाही. तुम्ही माझ्या लेकीला महिनाभर जाऊ दिलं नाहीत, आणि अर्थ कळल्यावरही दिलं नाहीत.

यांनी तिकिटं काढली आहेत. आमचं जोरात भांडण झालं. हे म्हणाले, पोरीलाच विचार, ती नाही म्हणाली तर रद्द करतो. मी विचारायला नको होतं. मला ठाऊक होतं काय होईल ते. पण तुम्हाला लिहायला मला ते हवं होतं, म्हणून विचारलं. यातही मी लेकीलाच पुढे केलं, ते माझ्या माथी.

काल संध्याकाळी ती जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मी म्हटलं, "छकुली, आत्याकडे जायचं का?" तिने खडू डब्यात ठेवले, झाकण लावलं. उठून बाथरूममध्ये गेली आणि दार लोटून घेतलं. मी हाक मारली तर ओ दिली नाही. पाव तासाने मी दार ढकललं. ती कमोडवर बसली होती, दोन्ही हातांनी पोट दाबत, तोंड लाल झालेलं. मला बघून घाईघाईने म्हणाली, "आई, मी केली. थोडीशीच आली. अजून करू का? मग नाही ना पाठवणार?"

मंजुश्री